काचेकडे पाठ

"ताई, तुम्ही बाहेर थांबायचं," धाकटी म्हणाली आणि म्हणता म्हणताच ओशाळली.

"माहितीये गं. नियम मलाच शिकवतेस का आता?" थोरली हसली आणि तपासणीच्या खोलीच्या दारातून बाजूला झाली.

थोरलीची आई दोघींच्या मधे उभी होती. तिला ऐकू येत नसलं तरी दोघींची तोंडं दिसत होती. तिने पर्स काखेत दाबली, दोन्ही हात मोकळे केले आणि खुणेने विचारलं, "ही कशाला? तू का नाही?"

"दुभाष्याने रक्ताच्या माणसासाठी काम करायचं नसतं. कायदा आहे," थोरलीने हातांनीच सांगितलं.

"कुणी केला?"

"करणाऱ्यांत मीही होते."

"मग मोड की."

धाकटीला हसू आवरेना. आईने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "हिचे हात कसे पुस्तकातल्यासारखे चालतात. आपलं सगळं घरगुती, गबाळं. कळेल का हिला माझं?"

"कळेल. मीच शिकवलंय तिला."

आईने खांदे उडवले आणि ती आत गेली. मागून धाकटी गेली. दार लागलं.

त्या मोठ्या रुग्णालयात ऐकू न येणाऱ्या रुग्णांसाठी दोन दुभाषी बायका होत्या. डॉक्टर बोलले की त्यांनी ते खुणांच्या भाषेत रुग्णाला सांगायचं, आणि रुग्णाचे हात जे बोलतील ते तोंडाने डॉक्टरांना. वॉर्डबॉयपासून मोठ्या सर्जनपर्यंत सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. थोरलीने पन्नाशी ओलांडली होती. लग्न केलं नव्हतं. आई आणि ती, दोघींचं घर. धाकटी तिच्या हाताखाली तयार झालेली, अजून डबा उघडताना थोरलीच्या डब्यात आधी डोकावणारी.

थोरलीने हे काम नोकरी म्हणून पत्करलं नव्हतं, ते तिला जन्माबरोबर मिळालं होतं. आई-वडील दोघंही जन्मतः बहिरे. दोघंही छापखान्यात कामाला. वडील यंत्रावर, आई पुस्तकबांधणीला. यंत्रांच्या खडखडाटात डोकं न दुखणारी तेवढी दोनच माणसं, असं वडील अभिमानाने सांगत. शाळेत जायच्या आधीपासून ती त्यांचा कान आणि तोंड झाली होती. वाण्याकडे ती, बँकेत ती, नळावरच्या भांडणातही तीच. शेजारणीची शिवी आईला जशीच्या तशी पोचवायची आणि आईची शिवी शेजारणीला जरा धुऊन-पुसून द्यायची, एवढं शहाणपण तिला फार लवकर आलं.

ती नऊ वर्षांची असताना वडील आजारी पडले. एका दुपारी डॉक्टर वॉर्डात आले, आईकडे पाहून काहीतरी बोलू लागले, मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि गुडघ्यांवर हात टेकून ते मुलीच्या उंचीला वाकले. "बाळ, आईला सांग, बाबा आता वाचत नाहीत."

तिने सांगितलं. मरणाची खूण तिला येत होती. मांजर मेलं तेव्हा केली होती. आईने मान हलवली, समजलं नाही म्हणाली. मग तिला ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

पुढे अनेक वर्षांनी ऐकू न येणाऱ्यांसाठी देशाचा कायदा होऊ घातला, तेव्हा समितीने तिलाही बोलावलं. ती म्हणाली, "घरच्या माणसाकडून हे काम करून घेऊ नका. लेकरांकडून तर मुळीच नको."

समितीतले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "पण बाई, घरच्यांइतकं समजून कोण घेणार?"

"समजून घ्यायला घरचंच माणूस हवं, साहेब. निरोप पोचवायला नको."

कायदा झाला. परिषद नेमली गेली, परीक्षा आल्या, नोंदणी आली. नातेवाइकाने दुभाष्याचं काम करायचं नाही. खोलीत कळलेलं खोलीबाहेर, रुग्णाच्या परवानगीशिवाय, कुणालाही सांगायचं नाही; घरच्यांनाही नाही. मोडलं तर नोंदणी रद्द. धाकटीकडून थोरलीने ही दोन कलमं पाढ्यांसारखी घोटून घेतली होती.

आता ती खोलीसमोरच्या खुर्चीत बसली आणि तिच्या लक्षात आलं, की दाराला मधोमध काचेची उभी पट्टी आहे. आईचा खांदा दिसत होता, आणि अर्धे हात. धाकटीचे हात तर पूर्णच दिसत होते. दुसऱ्या कुणाला दाराबाहेरून काही कळलं नसतं. तिला मात्र दार बंद असूनही सगळंच ऐकू आल्यासारखं होतं.

ती उठली. खुर्ची वळवून घेता येत नव्हती, रांगेला जोडलेली होती. म्हणून ती तशीच, काचेकडे पाठ करून उभी राहिली. समोर भिंतीवर हात कसे धुवावेत याची चित्रं लावलेली होती. ती तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मग पुन्हा वाचली. येणारेजाणारे तिला ओळखून "बसा ना" म्हणत होते. ती "बसून बसून कंटाळले" म्हणत होती.

दार उघडायला फार वेळ लागला.

आई बाहेर आली ती पदराचं टोक नीट करत. "पित्त," तिने खुणेने सांगितलं. "आणि वय. गोळ्या दिल्यात. चल, चहा पाज."

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटी हातातल्या पेनाचं टोपण लावत होती. ते बसत नव्हतं. "मला तिसऱ्या मजल्यावर बोलावलंय, ताई," म्हणाली आणि जिना चढून गेलीसुद्धा.

त्या दिवसापासून धाकटी बदलली. डबा खायला कधी मैत्रिणीकडे, कधी कॅन्टीनला. दोघींच्या त्या टीचभर खोलीत थोरली आली की हिला बाहेर काहीतरी काम निघायचं. थोरलीला वाटलं, पोरगी दुसरी नोकरी बघतेय. मग एकदा तिला बाथरूमच्या बेसिनशी तोंडावर पाणी मारताना पाहिलं. डोळे सुजलेले होते. थोरली आल्या पावली परतली.

घरी आईचं जेवण कमी झालं होतं. अर्धी पोळी, तीही चिवडत. "नखरे करू नकोस," थोरली तिला दटावायची. "गोळ्या घ्यायच्या तर पोटात काही नको का?" आई मान डोलवायची आणि पोळीचा तुकडा भाजीत फिरवत राहायची. एका रविवारी आईने कपाट रिकामं करायला घेतलं. चांगल्या साड्या वेगळ्या, विटक्या वेगळ्या. दुसऱ्या रविवारी म्हणाली, छापखान्यातल्या माझ्या जुन्या मैत्रिणींकडे ने. गेल्या. तिथे तिच्याकडूनच खुणा शिकलेल्या चार म्हाताऱ्या बायका दिवसभर हातवारे करून इतक्या बोलल्या, इतक्या हसल्या, की संध्याकाळी आईला जिना उतरवेना. थोरलीने तिला जवळजवळ उचलूनच खाली आणलं. आई तिला फार हलकी लागली.

दुसऱ्या दिवशी कामावर आल्या आल्या तिने खोलीचं दार आतून लावून घेतलं. धाकटी टेबलापाशी होती.

"मला एक सांग. त्या दिवशी आत डॉक्टर..."

धाकटी उभी राहिली. तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. थोरलीने तो चेहरा पाहिला आणि स्वतःच हात वर केला.

"नाही. बोलू नकोस. मी विचारलंच नाही असं समज."

"ताई..."

"बोलू नकोस म्हटलं ना! नोंदणी घालवायचीये का?"

ती दार उघडून बाहेर गेली. त्या दिवशी तिच्याकडे एक बाळंतीण होती, दोन हाडांचे रुग्ण होते, एका म्हाताऱ्याचे मोतीबिंदूचे प्रश्न होते. तिने सगळ्यांचं सगळं पोचवलं. कुठेही चुकली नाही. संध्याकाळी घरी आईला मात्र तिने काहीच विचारलं नाही. विचारलं नाही तोवर ते पित्तच होतं.

मग एका सकाळी आई मोरीत कोसळली.

रुग्णालयात आणल्यावर, थोडी धुगधुगी आल्यावर, आईने स्वतःच सांगितलं. उशीला टेकून, सावकाश. पोटात गाठ आहे. पसरलीये. पहिल्याच दिवशी सोनोग्राफीत कळलं होतं. शस्त्रक्रियेचा उपयोग नव्हता. नळ्या वगैरे घालू नका, हेही तिने डॉक्टरांना तेव्हाच सांगून ठेवलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?" थोरलीच्या खुणा एकमेकींत अडकत होत्या.

आई तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू नऊ वर्षांची होतीस. तुझ्या हातून ते एकदा ऐकलं. मी नाटक केलं, समजलं नाही म्हणाले. तुला परत सांगायला लावलं. परत मरण तुझ्या हातात द्यायचं नव्हतं मला. जितके दिवस ढकलता येतील तितके ढकलले."

थोरली खाटेच्या कडेवर बसली.

"तिला रागवू नकोस," आईने पुढे सांगितलं. "पोरगी आत रडायला लागली होती. डॉक्टर थांबले. मी तिला माझ्या बाटलीतलं पाणी दिलं. म्हटलं, तुझ्या ताईला सांगायचं नाही. तिने तुझाच नियम मला सांगितला. म्हणाली, तुम्ही नको म्हणालात तर मला सांगताच येणार नाही. चांगला नियम आहे. मोडू नकोस."

धाकटी वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून उभी होती. थोरली बाहेर आली तशी सरळ झाली.

"ताई, मला रोज वाटायचं..."

"नियम पाळलास," थोरली म्हणाली.

"तुम्ही रागावलात."

"हो." थोरलीने डोळे पुसले नाहीत, ते वाहू दिले. "तुझ्यावर नाही. कुणावर ते मला कळत नाहीये. अगं, मी तिला म्हणायचे नखरे करू नकोस. रोज म्हणायचे. समोर बसून तिला जबरदस्तीने घास गिळायला लावायचे. आणि ती गिळायची गं. मला कळू नये म्हणून गिळायची."

धाकटीने तिला मिठी मारली. थोरली ताठच राहिली, पण दूरही झाली नाही.

त्यानंतर आई घरी गेलीच नाही. हाताला सलाईन होतं, बोटं सुजली होती. खुणा लहान होत गेल्या. आधी खांद्यापासून हात हलायचा, मग कोपरापासून, मग नुसता पंजा. शेवटी शेवटी चादरीवर दोन बोटं तेवढी हलत. छापखान्यातल्या मैत्रिणी येऊन गेल्या. त्यांनाही ते वाचता आलं नाही. थोरलीला येत होतं. तिला आईची खूण सुरू व्हायच्या आधीच कळायची.

त्या दुपारी डॉक्टर फेरीला आले. त्यांनी नियमाप्रमाणे धाकटीला बोलावून घेतलं होतं. "त्यांना विचारा, दुखतंय का? औषध वाढवू का?"

धाकटीने आईच्या डोळ्यांसमोर वाकून, अगदी हळू, विचारलं. आईने धाकटीकडे पाहिलं. मग नजर फिरवून थोरलीकडे पाहिलं. चादरीवरची बोटं हलली. थांबली. पुन्हा हलली, जरा जास्त वेळ.

धाकटी वाकून पाहत राहिली. मग सरळ झाली आणि म्हणाली, "डॉक्टर, मला अर्थ लागला नाही. अंदाजाने सांगायची मला परवानगी नाही."

डॉक्टरांनी थोरलीकडे पाहिलं. तरुण होते, दमलेले होते, आणि त्यांना खरंच मदत करायची होती. "तुम्हाला कळलं ना? काय म्हणाल्या?"

थोरली आईच्या अंगावर वाकलेली होती. जन्मभर हा प्रश्न तिला विचारला गेला होता. वाण्याने, शेजारणीने, घरमालकाने, शाळेतल्या बाईंनी, किती तरी डॉक्टरांनी. काय म्हणाली तुझी आई? आणि तिने प्रत्येक वेळी सांगितलं होतं. आईच्या हातचा एक शब्दही तिने कधी स्वतःकडे ठेवून घेतला नव्हता.

"दुखत नाहीये तिला," ती म्हणाली. "तेवढं मी मुलगी म्हणून सांगते, तुम्ही तपासून बघा. बाकीचं ती मला म्हणाली."

डॉक्टर क्षणभर थांबले, पुढचं येईल म्हणून. मग त्यांना समजलं. त्यांनी नाडी पाहिली, औषधाच्या थेंबांचा वेग तपासला, मान लववली आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. धाकटी त्यांच्या मागून गेली. जाताना तिने पडदा ओढून घेतला.

थोरलीने स्टूल पुढे घेतलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईने पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि कळवळून म्हणाली, "हात धरा हो त्यांचा. बरं वाटतं माणसाला."

थोरलीने मान डोलवली, पण हात धरला नाही. बोलणाऱ्या माणसाच्या तोंडावर कुणी हात ठेवत नाही. तिने आपला तळवा उताणा करून आईच्या बोटांखाली सरकवला आणि तसाच, मोकळा, उघडा ठेवला. बोटं एकदोनदा हलली. मग बराच वेळ हलली नाहीत. संध्याकाळी परिचारिका आली, तिने आईच्या पापण्या मिटवल्या आणि सलाईन बंद केलं. थोरलीचा हात अजून तसाच होता, आईच्या बोटांखाली, उघडा.