चाळीस मुलींची यादी

तेव्हा मी भलतीच खूश होते, हे आधीच सांगून टाकते. दिवाळीपर्यंत वर्गात हजेरी देताना माझा आवाज फुटत नव्हता, आणि आता हॉस्टेलच्या संजना मॅडम अख्ख्या ऑफिससमोर म्हणत होत्या, रियाला विचारा, तिला कळतं. कॉलेजात एन्क्रिप्शनचं शिबिर झालं होतं. फाईल अशी बंद करायची की पासवर्ड नसेल तर नुसती कचऱ्यासारखी अक्षरं दिसावीत. अकरावीतल्या पोरींत ते मला एकटीला जमलं.

मॅडमनी मला हॉस्टेलच्या चाळीस मुलींची यादी बंद करायला दिली. नाव, गाव, खोली, फोन, सगळं त्यात. खरी काळजी समीक्षाची होती. ती बारावीला, आमच्या कशेळ्याच्या पलीकडच्या गावातली. तिच्या भावाने, मनोजने, रसायनीला कंपनीत असलेल्या एकाशी तिचं लग्न ठरवलं होतं. तिला ते नको होतं, आणि वय तर सतराच. आईने तिला गुपचूप कर्जतला आमच्या कॉलेजच्या या हॉस्टेलात आणून सोडलं आणि घरी सांगितलं, कुठे गेली ठाऊक नाही. परीक्षा होईपर्यंत मनोजला पत्ता लागू नये, एवढंच हवं होतं.

मी चौदा अक्षरांचा पासवर्ड लावला आणि समीक्षाला ऐटीत दाखवलं. ती म्हणाली, "आता देवाला पण नाय उघडायची गं."

मग ऑफिसचा प्रिंटर बिघडला. दुसऱ्या दिवशी सकाळी यादीची सही केलेली प्रत वरच्या ऑफिसला पाठवायची होती. मी म्हटलं, मी घरी जाताना कशेळ्याला काढून आणते. नाक्यावर विकासदादाचं झेरॉक्सचं दुकान आहे. आसपासच्या सगळ्या गावांचे फॉर्म तिथेच भरतात. पासवर्ड टाकताना मी त्याला तोंड फिरवायला लावलं, तोही हसत फिरला. प्रिंटमध्ये शेवटचा रकाना कापला जात होता, म्हणून त्याने सांगितलं, पीडीएफ करून घे. केली. झकास निघाली. पेनड्राइव्ह काढला आणि घरी आले.

ती पीडीएफ त्याच्या कॉम्प्युटरवरच राहिली. पासवर्ड नाही, काही नाही. लग्नपत्रिका आणि सातबाऱ्यांच्या मधोमध चाळीस मुली.

चौथ्या दिवशी मनोज हॉस्टेलच्या फाटकाशी उभा होता. समीक्षाला गाडीत घालून घेऊन गेला. हॉस्टेल चालवणाऱ्या सरांनी पोलिसांना कळवलं, सगळ्यांसमोर फाईल तपासली. पासवर्डाशिवाय उघडेना. आपल्याकडून काही गेलेलं नाही, असं सर म्हणाले आणि त्यांनी माझी पाठ थोपटली. तेव्हाच मला पीडीएफ आठवली.

संध्याकाळी विकासदादाकडे धावले. त्याने काही लपवलं नाही. मनोज आधारची झेरॉक्स काढायला आला होता, बहिणीचा कुठे फॉर्म भरलाय का म्हणून विचारत होता. दादाने नाव टाकून शोधलं, तर आमची यादी उघडली, वर हॉस्टेलचं नाव.

"भाऊच हाय ना गं तिचा," तो म्हणाला. "मला काय म्हाईत, लपवलीय म्हणून?"

मी फाईल पुसली. तिथूनच मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, उद्या आमच्याबरोबर चल.

दुसऱ्या दिवशी पोलीस आणि आम्ही तिच्या गावी गेलो. मनोजने खुर्च्या मांडल्या, चहा दिला. लग्न अठरा पूर्ण झाल्यावरच लावणार, कायदा आम्हालापण कळतो, म्हणाला. परीक्षेचं विचारलं तर पोरीला शिकून कुठं जायचंय म्हणाला. मग समीक्षाला विचारलं. ती भावाकडे बघत म्हणाली, "मी माज्या मर्जीनं आलेय." हवालदारांनी तेवढंच लिहून घेतलं.

निघताना ती मला मागच्या दारी भेटली. डोळे सुजलेले.

"आयनंच सांगितलं ना गं त्याला?" ती म्हणाली. "मी आल्यापासून तिच्याशी बोलले नाय."

आई चुलीपाशी बसली होती, आमच्याकडे पाठ करून.

"आईने नाही," मी म्हटलं. "मी." आणि दुकान, प्रिंट, पीडीएफ, सगळं सांगितलं.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग आत गेली आणि आईला चिकटून बसली. माझ्याकडे वळून पाहिलं नाही.