दाण्याएवढी गाठ

मी एक जुना मायक्रोस्कोप आहे, मित्रांनो. मेंदूच्या ऑपरेशनांत काम केलेला. आता प्रशिक्षणाच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांशेजारी उभा असतो. माझ्या पायाला 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी डकवली आहे. माझी कीव करू नका, मी ठणठणीत आहे. ती चिठ्ठी कशी आली, तेवढं ऐका.

माझी भिंगं घासणारा कारागीर एकेका भिंगावर आठवडाभर बसायचा. म्हणून केसाएवढी शीर मी दोरीएवढी करून दाखवायचो. पंधरा वर्षं माझ्यातून पाहिलं ते साहेबांनी. साहेब म्हणजे आमचे मोठे सर्जन. हात चांगला होता, नाही म्हणत नाही. पण हातापेक्षा जीभ जास्त चालायची. ऑपरेशनला निघताना आरशात टोपी सारखी करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. पाहुणे आले की मला थोपटून म्हणायचे, "हा माझा तिसरा डोळा!"

एकदा पोहायला शिकवणाऱ्या एका बाईंना आणलं. डोकं असह्य दुखायचं आणि तलावात एका मुलाची दोन मुलं दिसायची. गाठ मेंदूच्या अगदी आत, दोन्ही अर्ध्या भागांच्या मधोमध होती. साहेबांनी आदल्या दिवशीच त्यांच्या नवऱ्याला सांगून टाकलं, "कणसुद्धा ठेवणार नाही."

सहा तासांत गाठ जवळजवळ निघाली. उरला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, एका मोठ्या शिरेला घट्ट चिकटलेला. साहेबांच्या हाताखालच्या सर्जन, त्यांना सगळे धाकट्या बाई म्हणत, हळूच म्हणाल्या, "सर, एवढा राहू द्या. शीर फाटेल."

"मला शिकवता?" साहेबांनी तुकडा ओढला.

शीर फाटली. माझ्या भिंगाखाली नुसतं लाल झालं. आणि तो शूर माणूस काय म्हणाला ठाऊक आहे? "या डबड्यातून नीट दिसत नाही!" म्हणाला, आणि चक्क खुर्चीवरून उठून दोन पावलं मागे सरकला.

रिकाम्या खुर्चीवर धाकट्या बाई बसल्या. फाटलेल्या जागी त्यांनी ओला कापूस ठेवला आणि हलकेच दाबून धरला. ओढाओढ नाही, आरडाओरडा नाही. भूल देणारे डॉक्टर रक्तदाब सांगत राहिले. वीस मिनिटांनी रक्त थांबलं. दाणा होता तिथेच राहिला. मी तो स्वच्छ पाहिला. माझ्या कॅमेऱ्यात तो आलासुद्धा.

साहेब बाहेर जाऊन नवऱ्याला म्हणाले, "सगळी गाठ काढली. आता तपासणीची कटकटही नाही." नवऱ्याने आणलेला हार घालून घ्यायला साहेबांची मान कशी चटकन खाली गेली असेल, ते मला न बघताही दिसतं.

धाकट्या बाईंनी दुसऱ्या दिवशी त्या नवऱ्याला माझ्यासमोर आणलं आणि चित्रण लावलं. "हा तुकडा आत आहे. दर सहा महिन्यांनी तपासणी चुकवायची नाही."

"पण मोठे डॉक्टर तर म्हणाले..."

"ते चुकीचं म्हणाले, दादा."

आठवड्याच्या आत साहेबांनी लिहून दिलं की रक्तस्राव यंत्रातल्या दोषामुळे झाला. मला चिठ्ठी लागली. धाकट्या बाईंचं ऑपरेशन करणं बंद झालं आणि त्यांना माझ्याच खोलीत नवशिक्यांना शिकवायला पाठवलं. शिक्षा म्हणे! त्या माझ्यातूनच शिकवतात. नादुरुस्त यंत्रातून मुलांना बारीकात बारीक टाका दिसतो.

तिसऱ्या तपासणीत तो दाणा वाटाण्याएवढा झालेला सापडला. वेळेवर सापडला, म्हणून किरणोपचारांवर भागलं. पुन्हा डोकं उघडावं लागलं नाही. पोहायला शिकवणाऱ्या बाई स्वतः ते सांगायला आल्या. केस अजून ओले होते. साहेबांच्या दारावरून त्या सरळ पुढे आल्या, थांबल्या नाहीत.

मित्रांनो, यंत्रांना जपा, धूळ पुसा, हे तर सांगतोच. पण तुमचा हात चुकला तर 'माझा हात चुकला' एवढे तीन शब्द म्हणायला शिका. आम्हाला तोंड नाही. आमच्या नावावर खपवलेलं खोटं आम्ही मुकाट सोसतो. पण 'सगळी गाठ काढली' हे खोटं खरं मानून घरी बसलेला माणूस जिवाला मुकतो.