रीळ नऊची कॅसेट

मी एक जुना टू-इन-वन आहे. म्हणजे रेडिओही आणि टेपही. रेडिओ केव्हाच मुका झाला, तेव्हा आता निम्माच उरलो म्हणा. मित्रांनो, माझ्यासारख्याने आपली हकिकत सांगावी असं तिच्यात फार काही नाही. मला ती नीट सांगता येईल की नाही, याचीही शंका आहे. पण एक गोष्ट वर्षानुवर्षं मनात खुपते आहे, ती सांगून टाकतो.

मद्रासच्या बर्मा बाजारातून सवरिमुत्तु नावाच्या व्हायोलिनवादकाने मला कोडंबाक्कमच्या आपल्या दोन खोल्यांत आणलं. तो सिनेमाच्या स्टुडिओत वाजवायचा. गाण्यांत फारसा नाही. चित्र चालू असताना मागे नुसतं वाद्यांचं जे संगीत असतं, त्यात. वीस व्हायोलिनांतला एक. वादकांची पाठ पडद्याकडे असे, त्यामुळे आपण कुठल्या प्रसंगाला वाजवतो आहोत हे त्यांना दिसत नसे. सिनेमाचं नावही पुष्कळदा ठरलेलं नसे. ‘आज रीळ चार झालं, उद्या रीळ सात,’ एवढंच ते एकमेकांत बोलत.

एकदाच, एका सिनेमाच्या नवव्या रिळात, त्याला एकट्याला वाजवायला मिळालं. चारच मिनिटं. तो सिनेमा पुढे डब्यातच राहिला. ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसाने मेहेरबानी म्हणून ते सूर पुन्हा पुन्हा भरून अर्ध्या तासाची कॅसेट दिली. सवरिमुत्तुने तिच्यावर लिहिलं, ‘रीळ ९’. जगात त्या सुरांची तेवढी एकच प्रत होती.

घरात तो आणि त्याची मुलगी सहायमेरी, दोघंच. मेरी अभ्यासाला बसली की ही कॅसेट लावायची. गाणं लावलं तर त्यातले शब्द तिला ओढून नेत. या सुरांत शब्दच नव्हते. ते तिच्या वाचनाखाली सतरंजीसारखे पसरत आणि ती तासन्तास हलत नसे. कॅसेट थांबली की तिची पेन्सिलही थांबे. मला त्याचा फार अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

शेजारच्या मंगळम अक्काला मात्र ते पटत नसे. पाण्याच्या लॉरीसाठी कळशा रांगेत लावता लावता ती म्हणायची, “काय गं मेरी, ना गाणं ना बोलणं, नुसतं कुईकुई! येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, या घरात कुणी गेलं की काय!”

“तुमचा कुकर ओरडतो तेव्हा मी काही म्हणते का, अक्का?”

“कुकर ओरडला की भात तरी मिळतो. तुझ्या कुईकुईतून काय मिळणार? अहो सवरिमुत्तु, बारावीचं वर्ष आहे. त्या डब्यात धडे भरा की, पोरीच्या कानावर तरी पडतील!”

अक्का चेष्टाच करत होती. पण सवरिमुत्तु आठवी शिकलेला. मुलीला काही शिकवता येत नाही, हे त्याला लागून राहिलं होतं. परीक्षेला चार दिवस उरले असताना, मेरी शाळेत गेल्यावर, दुपारी त्याने तिचं इतिहासाचं पुस्तक उघडलं आणि कॅसेटच्या डब्यात हात घातला.

त्या डब्यात ‘रीळ ९’ दोन होत्या. दुसरी वेगळ्याच सिनेमातल्या कुठल्याशा मारामारीची, नुसत्या ढोलांची. तीच पुसायची होती त्याला. त्याने वर आलेली घेतली.

मित्रांनो, कॅसेटच्या पाठीला एक छोटा खळगा असतो, त्यावर प्लास्टिकची पाकळी. ती मोडून खळगा मोकळा केला की माझी एक लोखंडी दांडी आड येते आणि रेकॉर्डचं बटण दबत नाही. ‘नको’ म्हणायला माझ्यापाशी तेवढी एकच दांडी. मी आड आलो. त्याने बटण दोनदा दाबून पाहिलं. मग म्हणाला, “अरे हो, सगळ्यांच्या पाकळ्या मीच मोडून ठेवल्यात ना!” आणि खळग्यावर चिकटपट्टी लावली.

पुढे अर्धा तास तो बोट ठेवून वाचत राहिला. खोकत, अडखळत. आणि माझ्याच आत त्याचे सूर एकेक करून पुसले जात होते. मी चाकं थांबवू शकलो नाही.

संध्याकाळी तो अगदी लाजत म्हणाला, “मेरी, तुझ्यासाठी काहीतरी केलंय.” बटण दाबलं. “वेल्लोरचा उठाव. सन अठराशे साठ...”

“अप्पा, अठराशे सहा.” ती हसली. मग तिने माझी खिडकी उघडून कॅसेट हातात घेतली. “अप्पा, ही कुठली रीळ नऊ?”

त्याने दुसरी लावून पाहिली. ढोल.

“परत वाजवा ना, अप्पा.”

त्याने व्हायोलिन खांद्याला लावलं. दोन ओळी आल्या, पुढे हात थांबला. “कागदावर बघून वाजवलं होतं गं. काम झालं की कागद परत घेतात. अकरा वर्षं झाली.” गज तसाच हातात धरून तो बसून राहिला.

मेरी पास झाली. इतिहासातच सगळ्यांत कमी गुण पडले.

आता अप्पा नाहीत. मेरीचे केस पिकलेत. ती मासिकांत गोष्टी लिहिते. फोनवर तिला हवं तितकं वाद्यांचं संगीत मिळतं, लिहिताना तेच लावते. पण रविवारी जेवणाआधी माझ्यावरचं फडकं काढते आणि ती कॅसेट लावते. आधी अप्पांचं वाचन, आणि अगदी शेवटी, धडा संपला तिथे उरलेलं पाऊण मिनिट व्हायोलिन. तेवढ्यात ती दोन-चार ओळी लिहिते.

हल्ली अप्पांचा आवाज जड येतो, सूर खाली घसरतात. “फीत झिजली. आता जपून, सणासुदीलाच लावायची,” असं परवा ती आपल्या मुलीला म्हणाली. फीत चांगली आहे हो! माझ्या पोटातला रबरी पट्टा सैल झालाय, बोटभर लांबीचा. कुणीही कारागीर बसल्या बसल्या बदलून देईल. पण हे मी कशाने सांगू? माझ्या तोंडून तिला अप्पांचेच शब्द ऐकू येणार.

म्हणून तुम्हाला विनवतो. घरात माझ्यासारखं कुणी रडतखडत बोलू लागलं, तर एकदा झाकण उघडून पाहा. जपायच्या वस्तूवर तिचं पूर्ण नाव लिहा. आणि कोडंबाक्कमकडे कधी गेलात, मेरीचं दार दिसलं, तर तिला तेवढं पट्ट्याचं सांगा.