गिरजाबाईंनी सायगॉन पाहिलं

"तुला झेपणार नाही, आई," असं ईश्वर म्हणाला आणि वर तीन कारणं दिली. एक, तिथं ऊन फार. दोन, तिथलं खाणं वेगळं. आणि तीन, तिथली खरी मजा सगळी रात्रीची.

आता हे सांगावं कोणाला? गिरजाबाई नागपूरच्या. मे महिन्यात, पारा सेहेचाळीसवर असताना, डोक्यावर ओला रुमाल टाकून पायी भाजीला जाणाऱ्या. खाण्याचं म्हणाल तर सावजी रस्सा खाऊन त्यांच्या डोळ्यांत कधी पाणी आलं नव्हतं, वाढणाऱ्याच्या आलं असेल. आणि रात्रीचं म्हणाल तर महापालिकेच्या दवाखान्यात एकतीस वर्षं परिचारिका, त्यातली निम्मी नाइट ड्यूटी. तिन्ही कारणं ऐकून त्या फक्त "बरं" म्हणाल्या. गिरजाबाईंना ओळखणाऱ्या माणसाला ते "बरं" ऐकून घाम फुटला असता. ईश्वरलाही फुटायला हवा होता, पण तो बॅगा भरत होता.

ईश्वर अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला एका डेटा सेंटरमध्ये इंजिनिअर. आई सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे आलेली, एकटीने, दोन विमानं बदलून. आल्यावर दोन महिन्यांनी कळलं की तो आणि त्याची बायको रोशनी दहा दिवस व्हिएतनामला जाणार, त्या मोठ्या शहरात, ज्याला नकाशावर हो ची मिन्ह सिटी म्हणतात आणि लोकांच्या तोंडी सायगॉन. निघताना त्याने दोन कामं केली. शेजारच्या लतिकाकाकूंना आईकडे लक्ष ठेवायला सांगितलं. आणि दहा दिवसांचा सगळा कार्यक्रम छापून फ्रिजवर लावला, म्हणजे आम्ही कुठं आहोत ते तुला रोज कळेल, असं म्हणून. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

ते दोघं तिथं पोचल्यावर पहिल्या सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणून झाल्यावर गिरजाबाई चहाचा कप घेऊन त्या कागदासमोर उभ्या राहिल्या. एकतीस वर्षं डॉक्टरांची अक्षरं वाचलेल्या बाईला छापील इंग्रजी म्हणजे काहीच नव्हतं. बाजार. पोस्ट ऑफिस. भुयार. पॅगोडा. स्ट्रीट फूड. नाईटलाइफ. वाचता वाचता त्यांना फार वाईट वाटलं. न नेल्याचं दुःख होतंच, पण नेलं नाही आणि वर खोटी कारणं दिली, हे जास्त लागलं. हे सगळं सुनेचंच डोकं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. मुलाबद्दल वाईट विचार करण्यापेक्षा सुनेबद्दल करणं सोपं असतं.

तेवढ्यात लतिकाकाकू आल्या. मूळच्या पुण्याच्या, सदतीस वर्षं अमेरिकेत, लायब्ररीतून रिटायर झालेल्या. त्यांनी चष्मा वर करून कागद वाचला.

"यात एवढं काय आहे, गिरजाताई? फॉल्स चर्च नावाच्या गावात व्हिएतनामी लोकांचा अख्खा बाजार आहे. मला तिथली कॉफी अतिशय आवडते."

"किती दूर हाये?"

"दुसऱ्या कोणी ड्राइव्ह केलं तर अर्धा तास. मी केलं तर सव्वा. मी हायवे घेत नाही."

"चला मंग," गिरजाबाई म्हणाल्या आणि चपला घातल्या.

तो बाजार पाहून गिरजाबाई हरखल्या. कमान, पिवळे-लाल झेंडे, ढिगाने रचलेला कोथिंबीर-पुदिना, काचेच्या टाकीत मासे आणि कोपऱ्यात चरकातून निघणारा उसाचा रस. रसात आल्याऐवजी छोटं संत्रं पिळलेलं होतं, एवढाच काय तो फरक. मग त्या एका दुकानात शिरल्या. तिथल्या मालकीणबाईंचं नाव लान, वय गिरजाबाईंएवढंच. लानबाईंनी वाफाळत्या फोचा, म्हणजे शेवया घातलेल्या मांसाच्या रश्शाचा, भला मोठा वाडगा पुढे ठेवला. गिरजाबाईंनी चमच्याने तळ ढवळला आणि त्यांना जुनी मैत्रीण भेटल्यासारखं झालं.

"लतिकाताई, ही तर वजडी हाये!"

लतिकाकाकूंनी त्यातले आतड्यांचे तुकडे पाहिले आणि आपली खुर्ची थोडी मागे घेतली. गिरजाबाईंनी वाडगा रिकामा केला, तिखटाची बाटली अर्धी केली. लानबाई आतून नवऱ्याला बोलावून हे दृश्य दाखवत होत्या.

लतिकाकाकूंनी फोटो काढला. गिरजाबाईंनी तो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. नागपूर, भंडारा, पुणे मिळून त्रेचाळीस माणसं, गिरजाबाईंचे थोरले भाऊ म्हणजे सगळ्यांचे मामा ॲडमिन. खाली एकच ओळ लिहिली, "आज बाजार पाहिला. फो खाल्लं. लय छान."

त्याच्या वरच, काही तासांपूर्वी, ईश्वरने सायगॉनच्या बाजारातला आपला आणि रोशनीचा फोटो टाकला होता.

झालं. नागपुरात लोक जे समजायचं ते समजले. ईश्वरच्या फोटोला चार अंगठे, आईच्या फोटोला सदतीस. ईश्वरची मावशी म्हणाली, ताई चमकून राहिली. भंडाऱ्याच्या भाच्याने विचारलं, आत्या वेगळ्या फोटोत आणि हे दोघं वेगळ्या, असं का? त्याला त्याच्या बायकोनेच उत्तर दिलं, आत्याच फोटो काढत असतील. गिरजाबाईंनी हे सगळं वाचलं. कोणी त्यांना सरळ विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी सरळ सांगितलं नाही. पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. गप्प बसण्याबद्दल त्यात काही नाही, हे त्यांनी पुन्हा एकदा मनात म्हणून तपासून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कागदावर होतं पोस्ट ऑफिस. सायगॉनचं पोस्ट ऑफिस म्हणे फ्रेंचांच्या काळातलं, पाहण्यासारखं. अ‍ॅशबर्नचं पोस्ट ऑफिस पाहण्यासारखं नाही, पण गिरजाबाई ते पाहायला गेल्या. दारात अमेरिकन झेंड्याखाली उभं राहून फोटो काढताना लतिकाकाकूंना म्हणाल्या, "तो झेंडा नका घेऊ. लय मोठा हाये, मी लहान दिसतो त्याच्याखाली."

"गिरजाताई, तुम्ही फार पोचलेल्या आहात हो," लतिकाकाकू म्हणाल्या. पुण्याच्या बाईकडून एवढी स्तुती म्हणजे पुष्कळच झाली.

तिसऱ्या दिवशी भुयार. सायगॉनजवळ युद्धातली भुयारं आहेत, त्यातून लोक रांगत जातात. गिरजाबाई मेट्रोने रॉसलिन स्टेशनला गेल्या, तिथल्या न संपणाऱ्या सरकत्या जिन्यावरून खाली उतरल्या आणि लिहिलं, "आज भुयारात गेले. खूप खोल आहे. गुडघे ठीक." चौथ्या दिवशी लानबाईंनी त्यांना आपल्या विहारात नेलं. तिथं बोलण्याची अडचण आली नाही. बुद्ध दोघींच्या ओळखीचे होते. गिरजाबाईंनी वंदना म्हटली, लानबाई डोळे मिटून शेजारी बसल्या आणि गिरजाबाईंना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपण खरंच कुठेतरी आलो आहोत.

हा फोटो पाहून मामांचा ऊर भरून आला. त्यांनी लिहिलं, "शाब्बास भाच्या! आईला बुद्धाच्या देशी नेलंस. असा मुलगा घरोघरी जन्मो."

आणि ईश्वरने खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं.

इथवर सगळी गंमत होती. पण न केलेल्या कामाची शाबासकी पोराने हात जोडून घेतली, हे पाहून त्यांचं डोकंच फिरलं. लहानपणी शेजारच्याचा पेन खिशात घातला तेव्हा ज्या आईने परत द्यायला लावला होता, तिच्यासमोर हा एवढा मोठा पेन खिशात घालत होता.

"लतिकाताई," त्या म्हणाल्या, "नाईटलाइफ कधी हाये कागदावर?"

"उद्या."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता, उन्हाळ्यातलं ऊन अजून रेंगाळत असताना, गिरजाबाईंची नाईटलाइफ सुरू झाली. लानबाईंच्या दुकानामागच्या खोलीत दर शनिवारी कॅराओके असायचा. व्हिएतनामी म्हातारे-म्हाताऱ्या एकेक करून उठत, माइक धरत आणि डोळे पुसत गात. लानबाईंनी माइक गिरजाबाईंच्या हातात दिला. मशीनमध्ये मराठी गाणं नव्हतंच. मग काय, त्यांनी पदर खोचला आणि चौदा एप्रिलला वस्तीत गायच्या ते बाबासाहेबांचं गाणं, खड्या आवाजात, टाळ्यांवर सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला लानबाईंच्या नवऱ्याने टेबल बडवायला घेतलं. तिसऱ्याला सगळी खोली टाळ्या देत होती. लतिकाकाकूंनी व्हिडिओ काढला, आणि तो हलला, कारण त्याही नाचत होत्या.

नागपुरात तो व्हिडिओ सकाळी पोचला आणि दुपारपर्यंत वस्तीभर फिरला. सायगॉनमध्ये भीमगीत! विहाराच्या महिला मंडळाने संध्याकाळी तातडीने बैठक घेतली आणि ठरवलं की पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या समारोपाला ईश्वरचा जाहीर सत्कार करायचा, व्हिडिओ कॉलवर, आदर्श सुपुत्र म्हणून. फलक छापायला टाकला. मामा प्रमुख पाहुणे.

ईश्वरचा फोन तासाभरात आला. अ‍ॅशबर्नला तेव्हा सकाळ होती आणि लतिकाकाकू चहाला आल्या होत्या.

"आई, काय करून राहिली तू हे?"

"तू करून राहिला तेच. बाजार, भुयार, नाईटलाइफ."

"अगं यार, लोकांना वाटतंय तू इकडं आहेस! ते सत्कार करून राहिले माझा. बॅनर प्रिंट होतोय. तू सांग ना ग्रुपवर."

"मी कायले सांगू? मी एक शब्द खोटा लिहिला नाही, पाहून घे. हात तू जोडले."

ईश्वरला इकडे आड आणि तिकडे विहीर दिसत असावी. मग गिरजाबाईंनी ते विचारलं जे ईश्वर निघाल्यापासून मनात होतं. आवाज मात्र त्यांच्या मनाविरुद्ध हलला.

"खरं सांग बाप्पा. कायले नाही नेलं मले? लाज वाटत होती काय माझी?"

"नाही गं! तसं नाही."

"रोशनी नको म्हणाली?"

मागून रोशनीचा आवाज आला, चांगला मोठा. "आई, मी तुमचं तिकीटसुद्धा बघून ठेवलं होतं! यांनाच विचारा."

सुनेवर मनातल्या मनात केलेले सगळे आरोप गिरजाबाईंनी तिथल्या तिथे मागे घेतले. घ्यावे लागले.

"बिअर, आई," ईश्वर शेवटी पुटपुटला. "मी घेतो कधीकधी. रूफटॉपवर बसून एक बिअर प्यायची, एवढंच होतं डोक्यात. तू सकाळी पंचशील म्हणतेस, त्यातलं पाचवं शीलच दारू न पिण्याचं. संध्याकाळी तुझ्यासमोर ग्लास कसा धरू? सांगताही येईना. म्हणून ऊन, खाणं... काहीतरी सांगितलं."

"एका बाटलीपायी आईले घरी ठेवलं," गिरजाबाई म्हणाल्या. "एकतीस वर्षं वॉर्डात दारुडे उचलले मी, ईश्वर. पिणं मले आवडत नाही, कधी आवडणार बी नाही. पण तू मले न सांगता पितो, याचं जास्त वाईट वाटलं. आता ग्रुपवर काय सांगायचं ते तूच सांग." आणि फोन ठेवला.

अर्ध्या तासाने ग्रुपवर ईश्वरचा मजकूर आला. "मामा, सत्कार कॅन्सल करा. आई इथे नाही. ती अ‍ॅशबर्नला आहे. मी तिला घरी ठेवून आलो. तिने जे पाहिलं ते तिचं तिने पाहिलं. चूक माझी आहे."

गिरजाबाईंना हवं होतं ते हेच. जिंकल्या होत्या त्या. लतिकाकाकूंनी तर टाळी द्यायला हात पुढे केला. पण गिरजाबाईंचं लक्ष फोनवर होतं, कारण ग्रुप पेटला होता. मामांनी लिहिलं, नालायक. मग लिहिलं, म्हाताऱ्या आईला परदेशात कोंडून हा मजा मारतो. मावशीने लिहिलं, शिकला पण सुधारला नाही. भंडाऱ्याचा भाचा, ज्याने स्वतःच्या आईला कधी रामटेकही दाखवलं नव्हतं, त्याने संस्कारांवर तीन परिच्छेद लिहिले. एकेक ओळ गिरजाबाईंना स्वतःच्या पाठीवर पडल्यासारखी लागत होती. पोराने चूक केली होती, पण चारचौघांत, कोणी न सांगता, सगळी कबूल केली होती. एवढं खरं बोललेल्या माणसाला हे लोक काय म्हणून बडवत होते?

त्यांनी फोन तोंडाशी धरला आणि ग्रुपवरचं रेकॉर्डिंगचं बटण दाबून बोलायला लागल्या. आवाज वॉर्डातला, ज्याला मोठमोठे डॉक्टर चळचळा कापत.

"दादा, बस झालं. माझ्या पोराले कोणी काही बोलायचं नाही. त्यानं माझं तिकीट काढलं होतं. मीच नाही म्हटलं. मले विमानाची भीती वाटते. तो माझी इज्जत राखून राहिला म्हणून सगळं स्वतःवर घेतलं त्यानं. कळलं?"

लतिकाकाकू थक्क होऊन पाहत राहिल्या. दोन विमानं बदलून एकटी आलेली बाई, आणि विमानाची भीती!

मामांनी आपल्या दोन्ही ओळी पुसून टाकल्या. महिला मंडळाने कळवलं की मग सत्कार ठरल्याप्रमाणेच होईल, उलट असा गुणी मुलगा विरळा.

लगेच ईश्वरचा फोन आला. नाक ओढल्याचा आवाज तेवढा येत होता.

"रडू नको," गिरजाबाई म्हणाल्या. "ऐक. इतके दिवस शब्द न् शब्द जपून लिहिला मी, अन् आज तुझ्यापायी त्रेचाळीस लोकांसमोर धडधडीत खोटं बोलले. तिकीट काढलं होतं म्हणून सांगून बसली मी."

"हो, आई. सॉरी, आई."

"सॉरी नको. पुढच्या महिन्याचं तिकीट काढ. तुझं, माझं अन् रोशनीचं. माझं बोलणं खोटं पडायला नको."