अंगठा काकांचा नव्हता

खरं तर हे मी सांगायचं नाही असं ठरलं होतं. वेदिकानं माझ्या नाकावर बोट ठेवून शपथ घातली होती. पण आज माझ्या जिवावर बेतलंय, आणि जिवावर बेतल्यावर शपथा कोण पाळतं?

मी भिंगरी बोलतेय. रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर. लांबी सव्वा मीटर, इंजिन लिंबाएवढं, आवाज मात्र फवारणीच्या पंपासारखा. खोक्यावर माझं नाव भलं मोठं होतं, पण मखमलाबादच्या झेंडूच्या मळ्यात मी पहिल्यांदा घरघरले तेव्हा बयाआजी म्हणाली, "काय ही भिंगरी, कान किटले!" तेच नाव पडलं.

माझा जन्म परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात झाला. त्यातलं मला फक्त थर्माकोल आठवतं. माझे पहिले मालक गंगापूर रोडचे एक साहेब. त्यांनी मला काचेच्या कपाटात ठेवलं, दर रविवारी पुसलं आणि कधीही उडवलं नाही. त्यांची बदली झाली आणि मी बयाआजीच्या मुलाकडे, ज्ञानेशकाकांकडे आले. काकांचं पंचवटीत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. त्यांनी मला पहिल्याच दिवशी उडवलं. म्हणजे उडवलं म्हणणं जरा जास्त होईल. आपटलं.

एकूण तीनदा आपटलं, आणि तिन्ही वेळा कारण एकच. हवेत माझं इंजिन बंद पडलं की काका घाबरून रिमोटची डावी काडी वर ढकलायचे. पडतंय ना, मग वर घ्या! माणसाला हे बरोबर वाटतं. पण काडी वर केली की माझी पाती तिरपी होऊन हवेला रेटू लागतात, आणि मागे इंजिन नसेल तर दोन गिरक्यांत दमतात. मग मी हेलिकॉप्टर राहत नाही, धोंडा होते.

करायचं असतं उलटं. काडी खाली! पडायचं, पण शहाण्यासारखं पडायचं. पायडल थांबलं तरी सायकलचं चाक फिरत राहतं, तशी सोय माझ्या पोटात आहे; खालून येणारा वारा पाती फिरवत ठेवतो. जमीन जवळ आली की नाक वर करून वेग मोडायचा, आणि अगदी शेवटी काडी वर. साठवलेली सगळी गिरकी त्या एका क्षणात खर्च करायची.

हे वेदिकाला येत होतं. वेदिका म्हणजे काकांची पुतणी, नववीतली. हजेरीला ती "उपस्थित" इतकं हळू म्हणते, की बाई महिन्यातून दोनदा तिची गैरहजेरी लावतात. काका दुकानात गेले की ती मला मोकळ्या वावरात न्यायची, मुद्दाम इंजिन बंद करायची आणि उतरवायची. पहिल्या खेपेला माझा पाय मोडला. तिनं तो गुपचूप जोडला. काकांनी जोडाचा डाग पाहिला आणि उंदरांना शिव्या घातल्या.

मग काकांच्या मुलीचं, स्नेहलचं लग्न निघालं. मांडव मळ्यातच. नवरदेव अश्विन, पेठचा. काकांनी व्याह्यांना शब्द दिला, "जावईबापू घोड्यावरून मांडवात येतील तेव्हा वरून पुष्पवृष्टी! आपलं स्वतःचं हेलिकॉप्टर आहे."

माझ्या पोटाखाली पत्र्याचा डबा बसवला. त्यात पाकळ्या भरायचं काम बयाआजीकडे. आजीनं डबा भरला आणि वर तांब्याभर पाणी शिंपडलं.

"आई, ओल्या कशाला करतीस?" काका म्हणाले.

"मग सुक्या पाकळ्या टाकतोस का जावयावर? चाळीस वर्षं फुलं विकतेय मी. पाणी मारल्याबिगर फूल फूल दिसत नाय." आणि डबा भरलेला असतानाही तिनं आणखी एक ओंजळ वर चढवली. "माप भरल्यावर वर एक ओंजळ. हात आखडता घेणाऱ्यातली नाय मी."

बाजारात हे बरोबरच असेल. हवेत नसतं.

मी दोन नारळाच्या झाडांएवढी उंच गेले. खाली घोडा, बँड, फेटे. काकांनी रिमोटवरून डब्याचं खालचं झाकण उघडलं. काहीच पडलं नाही. ओल्या पाकळ्यांचा लाडू झाला होता. काकांनी मला हवेतच झटकलं, तेव्हा वरच्या ओंजळीतल्या चार पाकळ्या सुटल्या, माझ्याच वाऱ्यात गरगरल्या आणि माझ्या नाकात, म्हणजे इंजिन जिथून हवा घेतं तिथे, जाऊन चिकटल्या. मी दोनदा ठसकले. इंजिन बंद.

बँडवाले वाजवतच राहिले. त्यांना वर बघायची सवय नाही. बाकी सगळ्यांनी आ वासला. मी थेट घोड्याच्या वर होते. आणि मला कळलं, काकांचा अंगठा वर निघालाय.

तेवढ्यात वेदिका काकांच्या पुढ्यात घुसली. रिमोट काकांच्या गळ्यात पट्ट्यानं लटकत होता, तो तसाच राहिला. तिनं काकांचे अंगठे बाजूला सारले, स्वतःचे ठेवले आणि काडी खाली ओढली.

मी कोसळले. पण पाती फिरत होती! तिनं मला घोड्यावरून पुढे सरकवलं, मांडवाच्या कडेनं, झेंडूच्या वाफ्याकडे. कमरेएवढ्या उंचीवर नाक वर. गुडघ्याएवढ्या उंचीवर काडी वर. पात्यांनी शेवटचा घास घेतला आणि मी बसले, अंड्यावर कोंबडी बसते तशी. त्या हिसक्यानं डब्यातला लाडू सुटला आणि धावत आलेल्या आजीच्या पायांवर थप्पकन पडला.

"बघा," आजी म्हणाली, "हिला तरी मोठ्यांची कदर हाय!"

लोकांनी माना खाली केल्या तोवर वेदिका मांडवामागे पसार झाली होती. दिसले ते गळ्यात रिमोट अडकवलेले काका. टाळ्या! कुणीतरी त्यांना फेटाही बांधला. काका आधी काहीतरी बोलणार होते. मग म्हणाले, "अनुभव लागतो."

त्या संध्याकाळी वेदिकानं मला पुसताना शपथ घातली. "काकांची मान खाली जाईल. आणि सगळे माझ्याकडे बघत बसतील. कुणाला सांगायचं नाही."

मी नसतंच सांगितलं. पण आज पाचपरतावण आहे. स्नेहल पाच दिवसांनी माहेरी आली आहे, आणि सोबत जावयाचे वाल्मीकमामा. त्यांनी चहाचा पहिला घोट घेतानाच म्हटलं, "इवाई, ते बंद इंजिनाचं परत दाखवा. त्या दिवशी भीतीनं म्या डोळेच मिटले व्हते. आज उघडे ठेवतो."

आता मी अंगणात उभी आहे. पोटात इंधन आहे. काकांनी रिमोट गळ्यात अडकवलाय आणि त्यांचा अंगठा आत्तापासूनच वर वर चाललाय. वेदिका दाराआड आहे, ओढणीचं टोक चावतेय. माझी ही चौथी आपटी असेल, आणि जोडायला काही उरणार नाही. म्हणून म्हणते, माणसांनो, पडताना वर ओढू नका, आणि टाळ्या चुकून आपल्याला मिळाल्या तर...

थांबा. काकांनी पट्टा गळ्यातून काढला. कपाळ पुसलं.

"मामा, त्या दिवशी अंगठा माझा नव्हता," ते म्हणाले. "वेदे, ये बाहेर. तूच दाखव."

सगळे दाराकडे बघतायत. इतके डोळे! ही आता पळणार, मला माहीत आहे, कारण ही पोरगी हजेरीलासुद्धा...

"भिंगरे, चल!"