फुंकर वहिनींचा दाढीचा ब्रश

मित्रांनो, मी एक जुना दाढीचा ब्रश आहे. आता तुम्ही म्हणाल, दाढीचा ब्रश सांगून सांगून काय सांगणार? साबण आणि गाल. जरा थांबा. गालांवर मी मोजकीच वर्षं काढली. बाकीचं आयुष्य गेलं ते मोटारींच्या डॅशबोर्डवर, आणि तिथे जे पाहिलं ते आठवलं की माझे उरलेसुरले केस अजून उभे राहतात.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. केसांची जुडी बांधायची आणि लाकडी मुठीत घट्ट चिकटवायची, एवढंच ते काम. पण मला बांधणाऱ्या बाईंच्या हाताला गुण होता. माझे केस मऊ, तरी ताठ. वाकवले तर लगेच सरळ होणारे. एका आजोबांनी मला विकत घेतलं. रोज सकाळी मी त्यांच्या गालांवर फेस करायचो आणि ते मला धुऊन, झटकून ठेवायचे. मग एक दिवस त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी दाढी ठेवली. झालं! माझी रवानगी न्हाणीघरातल्या फळीवर, रिकाम्या बाटल्यांच्या मागे. कोणी टाकेना आणि कोणी उचलेना. असं नुसतं पडून राहणं फार वाईट असतं.

तिथून मला बाहेर काढलं त्यांच्या सुनेने. तिचा नवरा घराशेजारच्या आवारात गाड्या धुवायचा. बाहेरून पाणी मारणं त्याच्याकडे, आतली सफाई हिच्याकडे. सगळे तिला वहिनी म्हणायचे, आणि तिच्या पाठीमागे फुंकर वहिनी. कारण रेडिओ असो की एसीची जाळी, वाकून एक फुंकर मारल्याशिवाय ती कामाला हातच लावायची नाही.

"बाबा, हा ब्रश घेऊ का मी?" तिने विचारलं.

"घे की," आजोबा म्हणाले. "माझ्या दाढीला आता ब्रश नाही, विळा लागतो."

पहिल्यांदा डॅशबोर्ड पाहिला तेव्हा मी थक्क झालो. केवढी ती बटणं, केवढे ते नॉब, आणि किल्ली फिरवली की सगळ्यांच्या आत दिवे! त्या इवल्याशा रेडिओच्या डबीत कोणीतरी बाई गात होती, आणि मी तिच्या दारातली धूळ झाडत होतो. वहिनींचा एक कडक नियम होता. रेडिओवर कधी पाणी फवारायचं नाही. फवारायचं ते फडक्यावर, फडकं घट्ट पिळायचं आणि मग बटणांवरून फिरवायचं. जिथे फडकं शिरत नाही तिथे मी शिरायचो. बिस्किटाचा चुरा, वाळू, पेन्सिलीची टोकं, काय काय निघायचं म्हणून सांगू! शेवटी एसीच्या जाळ्या. प्रत्येक पट्टीची धूळ मी काढायचो, मग वहिनी पंखा सुरू करून मला जाळीसमोर धरायच्या. माझे केस भुरभुरले की वारा नीट येतोय हे कळायचं. "व्हॅक्यूमचं नुसतं नाव मोठं, खरं काम या म्हाताऱ्याचं," असं त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या, आणि मी मुठीतल्या मुठीत फुगायचो.

एका उन्हाळ्यात सकाळीच एक काका त्यांची जुनी हिरवी गाडी देऊन गेले. "दुपारी लांब जायचंय, लेकीकडे. तेवढी आतून स्वच्छ करून ठेवा," म्हणाले. गाडी जुनी, पण जपलेली. आम्ही रेडिओ केला, नॉब केले. बाजूच्या सीटसमोरच्या जाळीत मात्र पट्ट्या वेड्यावाकड्या होत्या, एक वर, एक खाली, आणि मध्ये पुठ्ठ्याचा घडी केलेला तुकडा खुपसलेला. वहिनींनी तो चिमटीत धरून ओढला. व्हॅक्यूमने सूंऽऽ करून गिळला. मी पट्ट्या चकचकीत केल्या आणि वहिनींनी त्या सगळ्या एका रांगेत सरळ करून ठेवल्या. काम अगदी देखणं झालं होतं.

दुपारी काका आले, सोबत काकूंना धरून घेऊन. आजारपणात काकूंची वाचा गेली होती आणि अर्धा चेहरा लुळा पडला होता. त्या बाजूचा डोळा मिटतच नव्हता. काकांनी त्यांना सीटवर बसवलं, जाळीकडे पाहिलं, आणि खाली वाकून पायांजवळ काहीतरी शोधू लागले.

"काका, काय हरवलं?"

"इथे एक पुठ्ठा होता."

"तो कचरा ना? टाकला मी."

"तो कचरा नव्हता हो," काका म्हणाले. आवाज चढला नाही त्यांचा. चढला असता तर बरं झालं असतं.

मग त्यांनी सांगितलं. एसी नसला तर उकाड्याने काकूंचा जीव घाबरा होतो, आणि मागच्या सीटवर वारा पोहोचत नाही. पण तोच वारा उघड्या डोळ्यावर आला तर डोळा वाळतो. त्या बाजूला काही जाणवतच नसल्याने काकूंना ते कळतही नाही. कळतं दुसऱ्या दिवशी, डोळा लाल झाल्यावर. पट्टी बांधली तर त्या ओढून काढतात. एकदा डोळ्याला जखम झाली होती. पुन्हा झाली तर नजर जाईल असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून काकांनी महिनाभर रोज थोडं थोडं फिरवून ती दिशा बसवली होती. वारा मानेला लागेल, डोळ्याला लागणार नाही.

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. आणि मी? मी इतक्या जाळ्या झाडल्या होत्या, पण वेड्यावाकड्या पट्ट्यांत कोणाची एवढी माया बसलेली असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"आज राहू दे," काका म्हणाले. "लेकीला कळवतो." काकूंनी मान फिरवली आणि गाडीचं दार घट्ट धरलं. त्यांना जायचंच होतं.

वहिनी मला घेऊन नळाकडे धावल्या. त्यांनी मला साबणाने दोनदा धुतलं, कोऱ्या पंच्याने कोरडं केलं. "काका, गाडी सुरू करा आणि पंखा नेहमीएवढा ठेवा," म्हणाल्या. आणि त्यांनी मला काकूंच्या त्या डोळ्यासमोर धरलं, बोटभर अंतरावर.

मित्रांनो, इतक्या जवळून मी कधी कोणाचा डोळा पाहिला नव्हता. तो मिटत नव्हता, फक्त पाहत होता. त्यात मी होतो, एवढासा, टक्कल पडलेला. माझे केस थरथरायला लागले. वहिनींनी एक पट्टी जराशी खाली केली. तरी थरथर. दुसरी आणखी जराशी. काका श्वास रोखून माझ्याकडे पाहत होते. काय सांगू, उभ्या जन्मात माझ्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं. कितीतरी वेळ हे चाललं. आणि मग माझा एकही केस हलेना. वहिनींनी मला काकूंच्या मानेशी नेलं, तिथे मी छान भुरभुरलो. पुन्हा डोळ्याशी आणलं. मी गप्प.

वहिनींनी साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, घडी केली आणि पट्ट्यांमध्ये घट्ट बसवला. गाडी गेली. पुढचे काही दिवस वहिनींचं जेवणात लक्ष नव्हतं, आणि त्यांनी एकाही जाळीवर फुंकर मारली नाही.

मग एका सकाळी ती हिरवी गाडी फाटकातून आत आली. काच खाली झाली. वहिनी धावत गेल्या आणि थेट काकूंच्या डोळ्याकडे पाहू लागल्या. डोळा पांढरास्वच्छ होता. काकूंनी अर्ध्या ओठाने हसून दाखवलं.

"बाहेरूनच धुऊ ना, काका?" वहिनींनी हळूच विचारलं.

मित्रांनो, गाडी असो की घर, एखादी वस्तू वाकडी दिसली तर लगेच सरळ करू नका. ती कोणासाठी वाकडी ठेवली आहे, एवढं आधी विचारा. आम्हा वस्तूंना बोलता येत नाही, माणसांना येतं.

काका गाडीतून उतरले आणि त्यांनी किल्ली वहिनींच्या हातात ठेवली. "आतूनही करा," ते म्हणाले.