अकरापर्यंत उतरायचं नाही

हरणांच्या शिकारीच्या मोसमाच्या पहिल्या दिवशी सकाळी अकरापर्यंत मचाणावरून कुणी उतरायचं नाही, हा आमच्या वडिलांचा नियम. एक जण जंगलात पाय आपटत फिरला की सगळ्यांची शिकार बुडते. वडील जाऊन बावीस वर्षं झाली, पण विस्कॉन्सिनमधल्या आमच्या चाळीस एकरांत नियम अजून त्यांचाच. मला तो पाळण्याचा अभिमान होता. आग लागो त्या अभिमानाला.

डेलमार माझा धाकटा भाऊ. त्याच्या बायकोनं, रोझलीनं, यंदा त्याला हार्नेस आणला, मांड्यांना आणि खांद्यांना आवळायच्या पट्ट्यांचा. झाडाला वरपासून खालपर्यंत दोर बांधायचा, जमिनीवरच हार्नेस त्यात अडकवायचा आणि मग शिडी चढायची. पाय सुटला तरी माणूस खाली आदळत नाही. छातीवर एक शिट्टीही तिनं बांधून दिली होती.

"लंगोट नीट बसला का रे?" त्या पहाटे गाडीपाशी मी विचारलं.

"हस तू. रोझलीनं शपथ घातलीय."

"आणि हा जादा पट्टा कसला लोंबतोय?"

"लटकलो तर त्यात पाय टेकवून उभं राहायचं. नाहीतर मांड्या आवळून रक्त अडतं म्हणे."

"चाळीस वर्षं चढतोयस, डेलमार. हे ध्यान बघून हरणं हसूनच मरतील, आपल्या गोळ्या वाचतील."

तो हसला. जादा पट्टा काढून त्यानं सीटवर टाकला. शिट्टी मात्र राहू दिली.

सव्वासातला ती शिट्टी वाजली. तीनदा. जरा थांबून पुन्हा तीनदा. त्याचं मचाण दलदलीपलीकडे, फार तर पाव मैलावर. त्याच वेळी माझ्यासमोरच्या गवतात दहा टोकांच्या शिंगांचा नर येऊन उभा राहिला होता. असा नर मी आयुष्यात दोनदा पाहिलाय.

तीन शिट्ट्या म्हणजे मदत, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. मी मनाची समजूत घातली, की लंगोटाचा सूड उगवतोय गडी, माझी शिकार उधळायला बघतोय. 'गप बस, गाढवा,' मी पुटपुटलो. नर कान टवकारून थबकला होता. शिट्टी वाजत राहिली, मग अधूनमधून, मग नाहीच. सात चाळीसला मी गोळी झाडली आणि नर जागीच कोसळला.

त्यानंतर अकरापर्यंत मी बसून राहिलो. नियम होता ना. सँडविचही खाल्लं.

अकराला बढाई मारायला त्याच्याकडे गेलो. डेलमार दोराला लटकला होता, पाय जमिनीपासून जेमतेम हातभर वर. खाली पडलेला हातमोजा घ्यायला तो उतरला असावा, कारण बर्फ-चिखल लागलेला एक मोजा त्याच्या खिशात मिळाला. परत चढताना गोठलेल्या पायरीवरून पाय घसरला. दोरानं त्याला झेललं होतं. अंगावर एक ओरखडा नव्हता. शिट्टी दातांत होती आणि तो गार पडला होता.

"पट्ट्यांनी मांड्या आवळून रक्त अडलं. कुणी लवकर पोचलं असतं तर वाचला असता," शेरीफच्या माणसानं सांगितलं. कुणी म्हणजे कोण, ते त्यानं विचारलं नाही.

दफन झाल्यावर रोझलीनं मला स्वयंपाकघरात बसवलं. शिट्टी तिच्या मुठीत होती.

"त्यानं वाजवली होती का, ओरिन?"

"मला नाही ऐकू आली," मी म्हणालो. "वारा होता."

तिनं मूठ उघडून शिट्टीकडे पाहिलं. "मग माझंच चुकलं. स्वस्तातली उचलली मी. चांगली मोठी घ्यायला हवी होती."

हे ऐकूनही मी गप्प बसलो. माझ्यासारखा नीच मीच.

ती उठली, मागचं दार उघडलं आणि शिट्टी तीनदा फुंकली. थांबून पुन्हा तीनदा. शेताच्या त्या टोकाला शेजारच्या लाइलचा गोठा आहे, पाव मैलाहून लांबच. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा लाइल दुखरा गुडघा ओढत, बुटाच्या नाड्या न बांधता, बर्फातून धावत आला.

"कोण पडलं?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"कुणी नाही, लाइल. बाहेर वारा आहे का?"

"आहे म्हणजे? टोपी उडाली माझी."

रोझलीनं त्याला खुर्ची दिली, कॉफी ओतली. मग शिट्टी माझ्यापुढे टेबलावर ठेवली आणि समोर बसली.

"आता सांग," ती म्हणाली.

मी सव्वासातपासून सांगायला सुरुवात केली.